एका तासाची दोरी

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि हजेरीपट कुणी वाचत नसे. इस्पितळात सगळे तिला नेटबाई म्हणत. डॉक्टर म्हणत, नर्सा म्हणत, खाली धुलाईघरात चादरी उकळणारे लोकही म्हणत. "अरे, नेटबाईला बोलवा कुणीतरी!" हे वाक्य त्या चार मजली इमारतीत दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येई, आणि ते कुणी प्रेमाने म्हटल्याचं एकाही साक्षीदाराला आठवत नाही. नळाला पाणी येत असतं तेव्हा कुणी नळाचं कौतुक करत नाही. पाणी गेलं की मग नळाचा, नळ बसवणाऱ्याचा आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. नेटबाईचं काम याच जातीचं होतं.

काम सांगायचं तर असं. इस्पितळात साडेचारशे संगणक. केसपेपरच्या खिडक्यांवरचे, रक्त तपासायच्या खोलीतले, एक्स-रेचे, औषधांच्या दुकानातले, थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा. ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलली पाहिजेत, आणि ज्याने ज्याच्याशी बोलायचं नाही त्याने त्याच्याशी चकार शब्द काढता कामा नये, एवढं बघायचं. भिंतींतून, छतावरून, जिन्याखालून गेलेल्या सगळ्या वायरी शेवटी तळघरातल्या एका खोलीत येत. तिथे लोखंडी चौकटीत यंत्रं अष्टौप्रहर घूं घूं करत बसलेली असत. यंत्रांना गारवा लागतो म्हणून खोली गार, आणि खोली गार म्हणून नेटबाई भर उन्हाळ्यात स्वेटर घाले. वरचे लोक घामाने निथळत खाली येत आणि म्हणत, "मजा आहे बुवा तुमची!" चौदा वर्षं तिला सर्दी होती.

या धंद्यात ती आली तीही शिडी धरून. मुळात ती केसपेपरच्या खिडकीवर नावं-पत्ते टाइप करायला लागली होती. इमारतीत पहिल्यांदा वायरी टाकायचं काम निघालं तेव्हा बाहेरून आलेल्या मिस्त्रीला शिडी धरायला माणूस मिळेना. हिने धरली, आणि 'ही निळी कुठे जाते? मग ती पिवळी कशाला?' असं विचारून विचारून त्या भल्या माणसाचं डोकं उठवलं. आठवड्याने मिस्त्रीच म्हणाला, "ताई, आता तुम्हीच चढा वर. मी धरतो शिडी."

मग रविवारचे वर्ग झाले, परीक्षा झाल्या. या विद्येची एक गंमत आहे. हिचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी शिळं होतं. पुन्हा नवं पुस्तक, पुन्हा परीक्षा. डॉक्टर एकदा डॉक्टर झाला की मरेपर्यंत डॉक्टर. नेटबाईला मात्र दर तीन वर्षांनी सिद्ध करावं लागे की आपण अजून नेटबाई आहोत. तिने ते चार वेळा सिद्ध केलं. चौथ्या वेळी परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या मुलीने तिला पर्यवेक्षक समजून पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारलं. तिने सांगितलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

एवढं सगळं करून बाई होती कंत्राटी. अकरा महिन्यांचं पत्र मिळे, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांचं पत्र. खंडाच्या त्या दिवशी कायद्याने ती इस्पितळाची कुणीच नसे. आणि दैव असं चावट, की नेटवर्क हटकून त्याच दिवशी आजारी पडे. मग नेटबाई फाटकावरच्या वहीत नाव लिही, 'कुणाला भेटायचे?' या रकान्यात 'सर्व्हर' असं भरी आणि गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवून आत जाई. पहारेकरी हसून हसून बेजार होत. तीही हसे, पहिली काही वर्षं.

घर दादाचं. आईवडील गेल्यावर ती दादा-वहिनीकडे चार महिने म्हणून राहायला आली ती राहिलीच. लग्नाचं एक-दोनदा निघालं आणि बारगळलं. एका खोलीत दादा-वहिनी, दुसरीत दोघं भाचे, आणि हॉलमध्ये दिवाणावर आत्या. टीव्ही बंद झाला की आत्याला झोपायला मिळे, आणि टीव्ही कधी बंद व्हायचा ते आत्याच्या हातात नव्हतं. तिचे कपडे भाच्यांच्या कपाटातल्या खालच्या दोन कप्प्यांत, पुस्तकं दिवाणाच्या पोटात. पुस्तक काढायचं तर आधी दिवाणावर बसलेल्याला उठवावं लागे. वहिनी वाईट नव्हती, हेच तर अवघड होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं. ती आपली येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगे, "आमच्या वन्संचा काही म्हणजे काही त्रास नाही हो. त्या घरात आहेत हे कळतसुद्धा नाही."

चव्वेचाळिसाव्या वर्षी नेटबाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आतून कडी लावता येईल असं दार.

तसं दार तिने बघून ठेवलं होतं. इस्पितळाच्या मागे कर्मचाऱ्यांची दहा क्वार्टर्स होती. दोन खोल्या, ओटा, बाथरूम, मागे कपडे वाळत घालण्याइतकी जागा. ती फक्त कायम नोकरांना मिळत. सहा वर्षांपूर्वी तिथे वायरी टाकायचं काम तिच्याचकडे आलं होतं. प्रत्येक घरात एक पॉइंट, दाराजवळ, असं कागदावर होतं. सात नंबरचं घर तेव्हा रिकामं होतं. मागच्या खोलीला पूर्वेची खिडकी होती, खिडकीबाहेर भिंत नव्हती, आणि सकाळचं ऊन फरशीवर आडवं पडलं होतं. नेटबाई त्या उन्हात जरा वेळ उभी राहिली. मग तिने उरलेल्या वायरीतून तिथे एक दुसरा पॉइंट काढला, खिडकीच्या बरोबर खाली, टेबल ठेवल्यावर हाताशी येईल अशा उंचीवर. कागदावर तो नव्हता. चौदा वर्षांत तिने केलेली ती एकमेव बेकायदा गोष्ट.

आता दोरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

अगदी सुरुवातीच्या वर्षी नेटबाईने तळघरात बसल्या बसल्या इस्पितळाच्या दुसऱ्या शाखेतलं यंत्र दुरुस्त करायला घेतलं होतं. शाखा दोन तासांच्या अंतरावर. यंत्रापर्यंत पोचायला वाट एकच, आणि एका चुकीच्या ओळीने बाईंनी नेमकी तीच वाट बंद केली. किल्ली आत ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं. यंत्र ठणठणीत, पण त्याच्याशी बोलायला मार्गच नाही. मग बस पकडून दोन तास जायचं, तिथल्या पहारेकऱ्याला आपण चोर नसल्याचं पटवायचं, यंत्राचं बटण बंद करून चालू करायचं आणि दोन तास परत यायचं. त्या बसमध्ये तिने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की पुढे कुणी घातलेल्या तिला कमीच वाटल्या.

जाणत्या लोकांनी यावर एक युक्ती काढून ठेवलेली आहे. जोखमीच्या कामाला हात घालण्याआधी यंत्राला सांगून ठेवायचं: बरोबर इतक्या वेळाने तू आपणहून बंद होऊन पुन्हा चालू हो, आणि मधल्या काळात मी जे काही सांगितलं ते विसर. चूक होऊन आपण बाहेर अडकलो तरी ठरल्या वेळी यंत्र जुन्या आठवणीसह जागं होतं आणि दार उघडतं. काम नीट झालं तर शेवटी दोन गोष्टी करायच्या. नवं सगळं लक्षात ठेव, असं यंत्राला सांगायचं, आणि तो आधीचा हुकूम रद्द करायचा. नेटबाई याला दोरी म्हणे. विहिरीत उतरणारा कमरेला दोरी बांधतो, तशी. दोरीवाचून तिने त्यानंतर एकही काम केलं नाही. घरीसुद्धा कुणी काही तडकाफडकी ठरवायला लागलं की ती म्हणे, "आधी दोरी बांधा." भाचे तिची नक्कल करत.

कायम होण्याची फाइल आठ वर्षं फिरत होती. आस्थापना विभागातल्या हेडक्लार्ककाकांनी ती ढकलत ढकलत अखेर विश्वस्तांपर्यंत नेली. काका सज्जन माणूस. त्यांना कळलं होतं की वयाची अट पंचेचाळीस आहे, बाईंची दोन महिन्यांत पंचेचाळीस पूर्ण होतात, आणि विश्वस्तांची बैठक वर्षातून एकदाच होते. "या खेपेला नाही तर नाही, बाई," ते म्हणाले. "पण या खेपेला होणार. मी स्वतः टिपणी लिहिलीय. आणि ऐका, सात नंबर सध्या रिकामं आहे."

"मला माहीत आहे," नेटबाई म्हणाली. ती रोज दुपारी डबा खाऊन मागच्या बाजूने एक चक्कर मारी. कुलूप आहे ना, एवढं बघे आणि परत येई.

विश्वस्त दूर गावी राहत आणि बैठक पडद्यावर होई. मागच्या वर्षी त्यांची तोंडं पडद्यावर अडकून अडकून हलली होती, म्हणून मोठ्या साहेबांनी आठ दिवस आधी बजावलं होतं, "या वर्षी चित्र अडकता कामा नये." मुख्य यंत्र जुनं झालं होतं, त्याची मांडणी बदलल्याशिवाय चित्र सुधारणार नव्हतं. नेटबाईने आदल्या रविवारची परवानगी मागितली. ती बैठकीच्या दिवशी सकाळी साडेअकराला मिळाली. बैठक चारला होती. दीड ते अडीच जेवणाची सुट्टी, खिडक्या बंद. तेवढ्यात होईल, असं तिने ठरवलं. बैठक चारऐवजी अडीचला ओढल्याचं साहेबांना माहीत होतं, काकांना माहीत होतं, चहावाल्यालाही माहीत होतं. नेटबाईला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पावणेदोनला तिने दोरी बांधली, एका तासाची. काम मोठं होतं. तिसऱ्या मजल्याच्या वायरी एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला लावल्या, ओळीमागून ओळी लिहिल्या, प्रत्येक मजल्यावरच्या एकेका संगणकाला हाक मारून पाहिली. सगळे ओ देत होते. दोन वीसला काम संपलं. इतकं सरळ काम तिच्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तिची पद्धत अशी की काम झालं तरी लगेच दोरी सोडायची नाही. पाव तास नुसतं बघत बसायचं. दूध उतू जात नाही ना ते बघतात तसं. ती बघत बसली, खुशीत होती.

अडीचला पाच मिनिटं कमी असताना काका स्वतः धापा टाकत तळघरात उतरले. "बाई, चला! आत्ताच्या आत्ता! बैठक सुरू होतेय, पहिला विषय तुमचाच. विश्वस्तांना तुम्हाला बघायचंय."

"आत्ता? पण चारला..."

"अहो, चार कसले! चला म्हणतो ना!"

तिने खोलीला कुलूप लावलं, किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली आणि काकांमागोमाग चौथ्या मजल्यावर गेली. साहेबांच्या दालनाबाहेर काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो स्वेटर काढा हो. आजारी दिसता. तब्येतीचा प्रश्न काढतील." तिने स्वेटर काढून बाकावर ठेवला आणि आत गेली.

साहेब म्हणाले, "बसा." चौदा वर्षांत त्या खोलीत ती तीसेक वेळा आली असेल, बहुतेकदा टेबलाखाली. खुर्चीवर बसायची ही पहिलीच वेळ. समोर भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर पाच चौकोन, चौकोनांत पाच विश्वस्त. चित्र कसं स्वच्छ दिसत होतं! एका विश्वस्ताच्या शर्टाच्या रेघा मोजता आल्या असत्या. ती मनात म्हणाली, हे मी केलंय.

साहेबांनी टिपणी वाचली. चौदा वर्षं सेवा, चार परीक्षा, तक्रार नाही. चौघा विश्वस्तांनी माना डोलावल्या. पाचव्या होत्या एक वयस्कर बाई, चष्मा कपाळावर चढवलेला. त्या पडद्याच्या जवळ सरकल्या. "या करतात काय नक्की? दर वर्षी वाचते मी, नेटवर्क प्रशासक. मला काही कळत नाही. बाई, तुम्हीच सांगा ना, सोपं करून."

चौदा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. दादाने नाही, वहिनीने नाही, साहेबांनी तर नाहीच. नेटबाईने आधी दोन वाक्यांत सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, "हो का? मग?" आणि मग नेटबाईचा बांध फुटला. तिने शिडीची गोष्ट सांगितली. पाहुण्याच्या बिल्ल्याची सांगितली, तेव्हा चौकोनांतले सगळे हसले, साहेबही नाइलाजाने हसले. दोन तासांच्या बसची सांगितली. "तेव्हापासून मी दोरी बांधल्याशिवाय काम करत नाही," ती म्हणाली. तिचे गाल तापले होते. "म्हणजे यंत्राला सांगून ठेवायचं, एका तासाने तू आपणहून बंद हो आणि परत चालू हो. मग काम बिनधास्त करायचं. आणि काम झालं की आठवणीने ती दोरी..."

ती थांबली.

साहेबांच्या डोक्यावर घड्याळ होतं. पावणेतीनला दोन मिनिटं कमी होती.

"दोरी काय?" विश्वस्त बाई म्हणाल्या. "सांगा ना. छान सांगताय." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. चार जणांचा होकार झालेला होता, पाचवा तोंडावर आला होता. आणखी मिनिटभर ती त्या खुर्चीत बसली असती, 'दोरी सोडायची' एवढंच म्हणाली असती, तर सही झाली असती. पण खाली अडीचला खिडक्या उघडल्या होत्या. दोनशे माणसं रांगेत होती, रक्ताचे अहवाल वर येत होते. तिने हा विचार केला असं म्हणणं खोटं होईल. विचाराआधी पाय उठले. "एक मिनिट, आले," एवढं म्हणून ती विश्वस्तांकडे पाठ करून पळत सुटली.

साहेबांच्या संगणकावरूनही तो हुकूम रद्द करता आला असता, पण मुख्य यंत्र तळघरातल्या त्या एका संगणकाखेरीज कुणाचंच ऐकत नसे. हा कडक नियम तिनेच घातला होता. लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं. ती जिन्याने उतरली, दोन-दोन पायऱ्या गाळत. तळघराच्या दारापाशी पोचली तेव्हा अजून पस्तीस-चाळीस सेकंद असतील. तिने हात खिशाकडे नेला. खिसा नव्हता. स्वेटर वर बाकावर होता.

दाराला तळहाताएवढी काच होती. तिने काचेला नाक लावलं. आत पडद्यावर तिने लिहिलेल्या ओळी शांत दिसत होत्या, खाली ठिपका लुकलुकत होता, पुढचा हुकूम द्या म्हणून. मग मुख्य यंत्रावरचे हिरवे दिवे एकेक करून विझले. तिला ते सगळं नीट दिसलं. वर पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं, "गेलं!" मग दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. शेवटी सगळीकडून तेच ओळखीचं वाक्य यायला लागलं.

यंत्र जागं व्हायला आठ मिनिटं लागली, आणि जागं झालं ते तिने शिकवल्याप्रमाणे इमानदारीने सगळं विसरून. वायरी नव्या जागी आणि आठवण जुनी, त्यामुळे तिसरा मजला बसला तो बसलाच. सगळं मार्गी लागायला साडेतीन वाजले. तोवर विश्वस्त कंटाळून उठून गेले होते. त्यांच्या पडद्यावर शेवटचं चित्र गोठलं होतं, ते काकांनी नंतर सांगितलं: एक रिकामी खुर्ची, आणि तिच्याकडे बघणारे मोठे साहेब.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'सदर कर्मचारी चर्चेच्या मध्यावर परवानगीविना निघून गेल्या. त्यानंतर लगेच नेटवर्क बंद पडले.' दोन्ही वाक्यं शब्दशः खरी. ती तशी शेजारी शेजारी ठेवल्यावर आठ दिवसांत सगळ्या मजल्यांवर पसरलं की नेटबाई रागाने उठून गेल्या आणि मुद्दाम वायर ओढली. कारणाचा अहवाल तिच्याकडेच मागितला. काका दबक्या आवाजात म्हणाले, "वीज गेली म्हणा. कोण बघायला जातंय?" आणि ते खरंच होतं, तिच्याशिवाय त्या इमारतीत कुणाला काही कळलं नसतं. तिने अर्ध्या पानात खरं तेच लिहिलं. दोरी बांधली होती, सोडायची राहिली, चूक माझी. साहेबांनी अहवालावर 'पाहिले' असं लिहिलं आणि फाइल बंद झाली.

"एक मिनिट," दादा म्हणाला. तो चिडला नव्हता, हिशेब लागत नसल्यासारखा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. "एक मिनिट बसली असतीस. सही झाल्यावर बंद पडलं असतं तर कायम माणसाला कोण काय करणार होतं? बसायचंस ना गं."

"बसायला हवं होतं," ती म्हणाली.

"मग बसली का नाहीस?"

वहिनीने टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "जाऊ दे. इथे काय कमी आहे का त्यांना?" आणि हे ती मनापासून म्हणाली, त्यामुळे नेटबाईला रडताही येईना.

दोन महिन्यांनी तिचा वाढदिवस आला. त्या दिवशी नेटवर्क अतिशय उत्तम चाललं होतं, म्हणून दिवसभरात तिला कुणाचाही फोन आला नाही. संध्याकाळी हजेरीपटावर सही करताना काकांनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आता कुठलीही फाइल कुठेही नेऊन उपयोग नव्हता.

कायम नोकराची जागा रिकामी होती ती जाहिरात देऊन भरली. आला तो पस्तिशीचा गृहस्थ, खासगी कंपनीतून आलेला, स्वभावाने गरीब. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, पगारपत्रक काहीही म्हणो, सीनियर तुम्हीच. मला शिकवायचं." ती शिकवू लागली. कुठली वायर कुठे जाते, कुठलं छत उघडलं की पाल पडते, खंडाच्या दिवशी कुणाला फोन करायचा. दोरी बांधायलाही शिकवली. तो हुशार होता. दोरी बांधली की आपल्या मोबाइलवर गजर लावी, पाच मिनिटं आधी वाजणारा. इतकी साधी गोष्ट! नेटबाईने तो गजर पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती उठून पाणी पिऊन आली.

त्याला सात नंबर मिळालं. सामान लागल्यावर तो म्हणाला, "मॅडम, घरचं नेट तेवढं एकदा बघून घ्याल? मला इथल्या वायरींचं अजून कळत नाही." ती अवजारांची पिशवी घेऊन गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाली. नेटबाईने दाराजवळचा पॉइंट जोडून दिला. मागच्या खोलीत कपाट सरकवायचं चाललं होतं.

"अहो, ते भिंतीला चिकटतच नाहीये," बायको आतून म्हणाली. "खिडकीखाली काहीतरी मध्ये येतंय. हे इथे कुणी काढून ठेवलंय?"

तो आत जाऊन वाकून बघून आला. "मॅडम, इथे एक जादाचा पॉइंट दिसतोय. नकाशात तर नाही. कुणाचा?"

"असेल कुणाचातरी," नेटबाई म्हणाली.

"काढून टाकता येईल? कपाट बसत नाहीये."

ती मागच्या खोलीत गेली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, ऊन फरशीवर आडवं पडलं होतं. तिने गुडघे टेकले. सवयीने आधी पॉइंट तपासला. हिरवा दिवा लागला. सहा वर्षं कुणी न वापरता तो चालूच होता. तिने स्क्रू काढले, पेटी सोडवली, वायर गुंडाळून भिंतीच्या आत ढकलली आणि वर सपाट झाकण बसवलं. कपाट आलं आणि भिंतीला बरोबर चिकटलं.

"बाई, चहा घेऊन जा," बायको म्हणाली. नेटबाई आत आल्यावर तिने पुढचं दार लोटून घेतलं होतं, मांजर आत येतं म्हणून, आणि कडी घातली होती. नवी कडी होती, सहज सरकत होती.

चहा पिताना वहिनीचा फोन आला. "वन्सं, माझ्या माहेरची मंडळी येतायत हो आज, चार-पाच दिवस. हॉलमध्ये त्यांची सोय करते. तुम्हाला तेवढे दिवस स्वयंपाकघरात अंथरूण घातलं तर चालेल ना?"

"चालेल," नेटबाई म्हणाली. कप विसळून ठेवला आणि कडी काढून बाहेर पडली. तळघरात पोचेपर्यंत कुणीतरी तिला दोनदा हाक मारली होती.